टार्गेट बारा महिन्यांचं, सीझन चार महिन्यांचा

वाचकांचे प्रश्न

बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह, बोलीत बीडीई, या नोकरीबद्दल अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली आहेत. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना आता कोकणात माणूस हवा असतो, आणि तो मिळाला की त्याला मुंबईच्याच मापाचं टार्गेट लावतात. बऱ्याच पत्रांतल्या तक्रारीचं मूळ इथेच आहे. प्रश्न थोडे कापून छापले आहेत.

प्रश्न : बी. कॉम. झालो. पाणी शुद्धीकरणाची रसायनं विकणाऱ्या कंपनीचं बीडीई म्हणून ऑफर लेटर आलंय, वर्षाला ३ लाख ६० हजार. घरचे म्हणतात, हा सेल्समनच, नाव तेवढं मोठं. खरं काय? आणि महिन्याला ३० हजार हातात येतील ना?
– एक वाचक, चिपळूण

घरचे निम्मे बरोबर आहेत. सेल्समनकडे ठरलेला माल, ठरलेली दुकानं आणि ठरलेला वार असतो. बीडीईचं यातलं काहीच ठरलेलं नसतं. जो आज आपला ग्राहक नाही तो शोधायचा, त्याला गरज आणि ऐपत दोन्ही आहे का ते चाचपायचं, भेट ठरवायची, नमुना किंवा डेमो द्यायचा, कोटेशन करायचं, भावाची घासाघीस झेलायची आणि पहिली ऑर्डर घ्यायची. पुढे ते खातं सांभाळायला मोठ्या कंपनीत दुसरा माणूस असतो. वीस-पंचवीस जणांच्या कंपनीत तो दुसरा माणूसही तुम्हीच, वसुलीसकट. शिवाय रोज संध्याकाळी कोण भेटलं, काय म्हणालं, पुढची तारीख कोणती, हे सगळं सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, भरायचं. काम कंटाळवाणं आहे, पण नवी मुलं बहुधा इथेच घसरतात. भेटी होतात, नोंदी होत नाहीत, आणि महिनाअखेरीला साहेबांपुढे ठेवायला काही उरत नाही.

आता पैसे. ३० हजार हातात येणार नाहीत. समजा पत्रात व्हेरिएबल २० टक्के आहे. ते झाले ७२,०००, आणि ते टार्गेट झालं तरच मिळणार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ दरमहा १,८०० म्हणजे वर्षाचा २१,६००. तोही बहुतेक कंपन्या तुमच्याच सीटीसीत, म्हणजे तुमच्यावरच्या वर्षाच्या एकूण खर्चात, मोजतात. मूळ पगार १५,००० असेल तर ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ८,६५०. उरले २ लाख ५७ हजार ७५०, म्हणजे महिन्याला २१,४८० च्या आसपास. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात साधारण साडेएकोणीस हजार.

त्याहून महत्त्वाचा प्रवासखर्च. कोकणात फील्डवरच्या माणसाची बाईक महिन्याला २,००० किलोमीटर सहज पळते. लिटरला ४५ चं अ‍ॅव्हरेज आणि १०५ रुपये भाव धरला तर पेट्रोलच सुमारे ४,६५० चं. कंपनी ‘फिक्स अलाऊन्स’ म्हणून २,५०० देत असेल तर उरलेले तुमच्या पगारातून जळतात, टायर-ऑइल वेगळंच. किलोमीटरमागे दर मागा, आणि तो पत्रात लिहून घ्या.

रुजू होण्याआधी आणखी काही गोष्टी लेखी हव्यात. इन्सेंटिव्ह ऑर्डर आल्यावर की पैसे जमा झाल्यावर? जीएसटी धरून की सोडून? टार्गेटच्या ७० टक्क्यांखाली काहीच नाही, असा स्लॅब आहे का? नोकरी सोडल्यावर आधीच्या ऑर्डरींचा इन्सेंटिव्ह मिळतो का? आणि तुमच्या भागातली जुनी खाती तुमच्या टार्गेटमध्ये मोजणार की नाही? ‘ट्रेनिंग किट’चे पैसे किंवा डिपॉझिट मागणाऱ्या कंपनीला त्याच फोनवर नाही म्हणा. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नका.

प्रश्न : हॉटेलांना बुकिंग आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो, वर्षाला १८,००० रुपये. तीन महिन्यांत ऐंशी ठिकाणी फिरलो, सगळे म्हणतात ‘गणपतीनंतर बघू’. मॅनेजर पुण्याहून रोज विचारतो. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, मालवण

पत्रावरची तारीख मे महिन्याची आहे, तेव्हा तीन महिने म्हणजे मार्च ते मे. त्या दिवसांत तारकर्ली-देवबागातल्या मालकाला चादरी, गॅस आणि स्वयंपाकी यापलीकडे काही दिसत नाही. माल वाईट नाही, वेळ वाईट आहे.

कोकणात प्रत्येक धंद्याचं पाकीट वर्षातून ठरावीक वेळीच उघडतं. हॉटेलवाल्याचं तीनदा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पैसा गाठीला असतो आणि गिऱ्हाईक कमी, पण तेव्हा छपराला आणि रंगाला पहिला मान. मग विसर्जन झाल्यापासून दिवाळीच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत, ही तुमची खरी खिडकी. आणि नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरल्यावर जानेवारी-फेब्रुवारी. आंबा बागायतदाराचं गणित निराळं. आंब्याच्या खोक्यांचा व्यवहार मोहोर धरताना, डिसेंबर-जानेवारीत ठरतो. पण त्याच्या हातात रोकड येते दलालाची शेवटची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, झाल्यावर, जूनमध्ये. फवारणी पंप किंवा ग्रेडिंग मशीन विकणाऱ्याने डिसेंबरात दाखवावं आणि जूनमध्ये पैसे मागावेत. मच्छीमाराचं तिसरंच. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, इंजिनं उघडलेली असतात, जाळी विणायला घेतलेली असतात. इंजिनाचे सुटे भाग किंवा जीपीएस विकायचं असेल तर मे अखेरीस बोलणं पक्कं हवं, कारण नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्याला बोट पाण्यात घालायची घाई असते.

म्हणून मॅनेजरशी भांडण टार्गेटच्या आकड्यावर करू नका, वाटणीवर करा. समजा वर्षाला ७२ हॉटेलं, म्हणजे त्याच्या हिशेबाने महिन्याला ६. त्याच्यापुढे अशी वाटणी ठेवा : जून मध्य ते ऑगस्ट १२, विसर्जन ते दिवाळी २६, नोव्हेंबर-डिसेंबर ८, जानेवारी-फेब्रुवारी २०, मार्च ते मे ६. बेरीज तीच. ही वाटणी ईमेलवर मान्य करून घ्या, नाहीतर जुलैत तुमच्या नावापुढे लाल रेघ पडेल आणि ऑक्टोबर बघायला तुम्ही तिथे नसाल.

आता ‘बघू’चा अर्थ. कधी तो सरळ नकार असतो, तोंडावर नाही म्हणायचं नाही एवढंच. कधी मालकाला खरंच हवं असतं पण निर्णय त्याचा नसतो. घर गावात, जमीन सामाईक, चेकबुक मुंबईच्या भावाकडे. पहिल्याच भेटीत विचारा, ‘असं काही घ्यायचं तर घरात आणखी कोणाला विचारावं लागतं?’ प्रश्न सरळ आहे, कुणी रागावत नाही. भावाचा नंबर मिळाला तर त्याला स्वतंत्र डेमो द्या. आणि ‘गणपतीनंतर’ म्हटलं की तिथल्या तिथे वार ठरवा : ‘विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी अकराला येऊ?’ तारीख देणारा माणूस ग्राहक असू शकतो. तारीख टाळणाऱ्याचं नाव यादीत खाली न्या. सगळे भाऊ गणपतीत आणि शिमग्यात एकत्र येतात हे खरं, म्हणून काही मुलं त्याच दिवसांत पत्रकं घेऊन जातात. दर्शनाला जरूर जा, प्रसाद घ्या, पण पिशवी उघडू नका. चाकरमानी परतायच्या एक-दोन दिवस आधी जमलं तर अर्धा तास मागा.

ऐंशीपैकी सगळीच ठिकाणं तुमची गिऱ्हाईकं नव्हती, हे न पाहणं हीदेखील चूक. चार खोल्यांचं घरगुती होमस्टे, बुकिंग वहिनींच्या फोनवर आणि हिशेब वहीत. त्यांना १८,००० चं सॉफ्टवेअर लागत नाही, आणि गळ्यात मारलंत तर पुढच्या वर्षी नूतनीकरण होणार नाही. आठ खोल्यांच्या वर, दोन-तीन वेबसाइटवरून बुकिंग घेणारं, जीएसटीचं बिल द्यावं लागणारं असं ठिकाण निवडा. तिथे किंमत अशी सांगा : एकाच खोलीचं दोघांना बुकिंग झालं, ३,५०० ची खोली, दोन रात्री, की ७,००० परत आणि वर वाईट शेरा. सीझनमध्ये असं तीनदा झालं की सॉफ्टवेअरची किंमत निघाली. असं किती वेळा होतं, ते त्यांच्याच तोंडून काढा, तुम्ही सांगू नका.

प्रश्न : कंपनीने ५,००० मोबाईल नंबरांची यादी दिलीय, माझ्याच सिमवरून रोज ८० कॉल करायचे. करू का?
– एक वाचक, अलिबाग

नको. प्रचाराच्या कॉलसाठी दूरसंचार नियामकाने १४० ने सुरू होणारे नंबर ठरवलेत. साध्या दहा आकडी नंबरवरून डीएनडी (प्रचाराचे कॉल नकोत अशी नोंद) घेतलेल्यांना फोन लावले आणि १९०९ वर तक्रारी गेल्या, तर नंबर बंद होतो, तोही तुमचा. विकत घेतलेली यादी अर्धी मेलेलीच असते. एमआयडीसीतल्या फाटकांवरच्या पाट्या, हॉटेलांचे बोर्ड, मच्छीमार सोसायट्या, बिल्डरांच्या चालू साइटवरचे फलक यांतून दोनशे नावांची स्वतःची यादी बनवा. ती जास्त चालते.

प्रश्न : काजू प्रक्रिया कारखान्यात बीडीई म्हणून लागले आहे. पुण्या-मुंबईतले घाऊक खरेदीदार नमुना घेतात, छान म्हणतात आणि गप्प बसतात. पाठपुरावा कसा करू?
– एक वाचक, कुडाळ

पाठपुराव्याआधी नमुना तपासू. बरेच कारखाने नमुन्यासाठी हाताने वेचून पांढरेशुभ्र गर काढतात. खरेदीदार रोज दहा नमुने बघतो, त्याला हे कळतं. आणि कळलं नाही तर पुढे माल आल्यावर कळतं, ते अधिक वाईट. नमुना चालू लॉटच्या मधल्या डब्यातून काढा, २५० ग्रॅमचे दोन. एक त्याला, दुसरा सील करून तुमच्याकडे. दोन्हींवर लॉट नंबर, तारीख, ग्रेड. माल नमुन्यासारखा नाही अशी तक्रार आली तर तो राखीव नमुनाच साक्षीदार.

ग्रेड बोलताना आकडे पाठ हवेत. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त २४० अख्खे गर, म्हणजे किलोला साधारण ५३०. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडात ३०० ते ३२०, किलोला सातशेच्या घरात. काट्यावर ४५४ ग्रॅम तोलून खरेदीदारासमोर मोजून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. ओलावा ५ टक्क्यांच्या वर नको; त्यापुढे गर दाताखाली कुरकुरत नाही आणि साठवणीत खवट होतो. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं तरी हे आकडे बिघडतात, म्हणून नमुनाही व्हॅक्यूममध्येच पाठवा.

आणि गप्प का बसतात? बहुधा चुकीच्या माणसाला चुकीचा माल दाखवला म्हणून. मिठाईवाल्यापुढे डब्ल्यू-२४० ठेवला तर तो कौतुक करणारच, पण काजूकतलीसाठी अख्खा गर कोण दळतो? त्याला पाकळी (दुभंगलेला गर) किंवा तुकडा हवा, रंग एकसारखा, आणि दर आठवड्याला ठरलेलं वजन. हॉटेलच्या ग्रेव्हीलाही तुकडाच लागतो. अख्खा गर ड्रायफ्रूटच्या दुकानाला आणि भेटीची पाकिटं भरणाऱ्याला. तेव्हा पहिला प्रश्न हा : ‘तुम्ही याचं पुढे काय करता आणि महिन्याला किती लागतो?’ तुमच्या कारखान्यात तुकडा साठून राहत असेल, आणि तो राहतोच, तर मिठाईवाला हाच तुमचा खरा गिऱ्हाईक. गणपती ते दिवाळीचा पुरवठा कोणाकडून घ्यायचा हे तो जुलैतच ठरवू लागतो. सप्टेंबरात गेलात तर उरलंसुरलं मिळेल.

कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर ‘२४० चा रेट अमुक’ एवढंच पाठवू नका. ग्रेड, तुकड्याचं कमाल प्रमाण, ओलावा, पॅकिंग (१० किलोचा डबा की व्हॅक्यूम पाउच), दर कुडाळ कारखान्यातून की पोहोच, जीएसटी धरून की वेगळा, किमान वजन, पैसे कधी, आणि दर किती दिवस बांधील, हे सगळं एका पानात बसतं. काजूबीचा भाव हलता असतो, त्यामुळे मुदत तीन ते सात दिवसांच्या पुढे देऊ नका. महिनाभराचा दर बांधून दिला आणि बी महागली, की एकतर कारखाना तोटा खातो किंवा तुमचा शब्द जातो. पोहोच कबूल करताना पावसाळ्यात दोन दिवस जास्तीचे धरा. घाटात दरड आली की गाड्या फिरवून न्याव्या लागतात.

पाठपुरावा : नमुना पोचल्याच्या दिवशी दोन ओळींचा निरोप, तिसऱ्या दिवशी फोन, आठव्या-दहाव्या दिवशी पुन्हा. पण ‘काही विचार झाला का?’ एवढं विचारायला फोन करू नका. नवा लॉट, बदललेला दर, जाणारी गाडी, काहीतरी बातमी असू द्या. चार वेळा असं करूनही उत्तर नाही तर तीन महिन्यांनंतरची तारीख टाकून नाव बाजूला ठेवा. पाकिटावर ‘वेंगुर्ला काजू’ छापायचा मोह होईल. ते भौगोलिक मानांकन असलेलं नाव आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असल्याशिवाय वापरू नका.

प्रश्न : लोटे एमआयडीसीत फाटकाच्या आतच घेत नाहीत. परचेसवाले म्हणतात, ‘ईमेल करा.’
– एक वाचक, खेड

परचेसपासून, म्हणजे खरेदी विभागापासून, सुरुवात केली की हेच उत्तर मिळतं. त्यांचं काम भाव कमी करण्याचं. गरज निघते मेंटेनन्स, उत्पादन किंवा सुरक्षा विभागात. पंपाचं सील दर महिन्याला गळतंय हे मेंटेनन्सच्या इंजिनिअरला माहीत असतं. त्याने मागणी लिहिली की परचेस स्वतः तुम्हाला फोन करतं. त्याच्यापर्यंत पोचायला आधीपासून माल देणारे, क्रेन-स्कॅफोल्डिंगवाले ठेकेदार, फाटकाबाहेरचं चहाचं दुकान हे सगळे रस्ते आहेत.

व्हेंडर नोंदणीची फाईल तयार ठेवा : जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), दोन-तीन जुन्या परचेस ऑर्डरी, आणि रसायन असेल तर सेफ्टी डेटा शीट व त्या बॅचचा तपासणी दाखला. यातला एक कागद कमी असला की महिना जातो. सेफ्टी शूज घालूनच जा, मोबाईल फाटकावर ठेवावा लागेल. आणि कारखाना लोट्याला असला तरी सही बऱ्याचदा मुंबईच्या हेड ऑफिसात होते, तेव्हा रकमेच्या कुठल्या मर्यादेपर्यंत इथेच ठरतं ते विचारून पहिली ऑर्डर त्या मर्यादेत बसवा.

प्रश्न : ऑर्डर मी आणली, माल गेला, १२० दिवस झाले, पैसे नाहीत. माझा इन्सेंटिव्ह वसुलीवर आहे.
– एक वाचक, महाड

आधी कारण शोधा. बिलावर परचेस ऑर्डरचा नंबर नाही. स्टोअरने माल मिळाल्याची नोंदच केली नाही. किंवा तुमच्या कंपनीने जीएसटी विवरण उशिरा भरल्यामुळे बिल समोरच्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे त्याला मिळणाऱ्या करवजावटीच्या तक्त्यात, दिसत नाही आणि त्याचा अकाउंटंट पैसे रोखून बसलाय. पैसे अडण्याची ही नेहमीची कारणं, आणि तिन्ही एका फोनावर कळतात. माल पोचल्याच्या आठवड्यातच हा फोन व्हायला हवा होता.

सगळं बरोबर असून पैसे नसतील तर कायदा बघा. तुमची कंपनी उद्यम नोंदणी असलेली सूक्ष्म किंवा लघु उत्पादक वा सेवा देणारी असेल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिराला बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) म्हणून आलेल्या तरतुदीने आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा सीए स्वतःच अशी थकबाकी शोधत असतो. तोवर तुमच्या प्रत्येक बिलावर उद्यम नंबर ठळक छापलेला असावा. नुसता व्यापार करणाऱ्याला, म्हणजे माल घेऊन पुढे विकणाऱ्याला, हे संरक्षण नाही.

अशा थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण त्यानंतर ते खातं बहुधा तुटतं. तो निर्णय मालकाचा, बीडीईचा नव्हे. तुम्ही थकबाकीची लेखी आठवण देत राहा.

प्रश्न : मी स्कूटीवरून एकटी फिरते, दोडामार्गपासून कणकवलीपर्यंत. पावसात आणि संध्याकाळी त्रास होतो. एका ग्राहकाचं बोलणंही बरं वाटत नाही.
– एक वाचक, सावंतवाडी

दुसरं आधी. ग्राहकाचं ऑफिस हेही २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात तुमचं कामाचं ठिकाण धरलं जातं. नोकरीच्या निमित्ताने जाल ती कोणतीही जागा त्यात येते. तारीख, वेळ, काय बोलला हे त्याच दिवशी लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती असावीच लागते. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. ते खातं दुसऱ्या कुणाकडे द्या असं मॅनेजरला आजच ईमेलवर कळवा, आणि त्या खात्याचं टार्गेटही तुमच्या नावावरून कमी करायला सांगा. मागितल्याशिवाय ते कुणी करत नाही.

प्रवासाचं : रोज एकच दिशा. सोमवारी कुडाळ-कणकवली, मंगळवारी वेंगुर्ला, बुधवारी बांदा-दोडामार्ग. लांबचं ठिकाण सकाळी पहिलं, मग परतीच्या वाटेवर उरलेल्या भेटी, म्हणजे साडेचार-पाचला तुम्ही घराजवळ. दिवसाला चारच भेटी ठरवा, सहा ठरवल्या की शेवटच्या दोन नेहमी अंधारात जातात. आतल्या गावांत रेंज जाते, तेव्हा दिवसाचा मार्ग सकाळीच घरी आणि ऑफिसात पाठवून ठेवा. जून ते सप्टेंबर कणकवलीसारख्या लांबच्या दिवशी रेल्वे किंवा एसटीने जा आणि तिथे रिक्षा करा. भाड्याची पावती जोडता येईल असं कंपनीकडून आधी मान्य करून घ्या. कोटेशनं प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, टॅब असेल तर तो सीटखालच्या डिकीत ठेवू नका, उन्हात तापतो आणि पावसात तिथे पाणी साचतं.